नवं खोगीर, बुजरं घोडं : भोर-वेल्ह्यात खर्च किती येतो?

घोडं घेताना पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा माणूस खोगीर घेताना हात सैल सोडतो, आणि तोही नको तिथे. पितळी चकत्या, गोंडे, मखमल यांवर पैसे जातात. पोटाखालून आवळायचा तंग मात्र जुनाच, गाठ मारलेला. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत हे नेहमी दिसतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी घोडा सजवणारी मंडळं, पानशेत-गुंजवणेकडे कृषी पर्यटन थाटून पाहुण्यांना फेरी मारून आणणारे शेतकरी आणि धनगरी तट्टू विकत घेतलेले हौशी, अशा तिघांसाठी हा हिशेब आहे. तिघांचंही घोडं वेगळं असतं, पण अडचण एकच: पाठीला सवय एका सामानाची आणि चढवायचं दुसरंच.

आधी आकडा सांगतो. बसायचं सिंथेटिक खोगीर ८ ते १२ हजार, खालचा गाशा ८०० ते दीड हजार, तंग हजार ते दीड हजार, रिकिबी पट्ट्यांसह दीड ते अडीच हजार, लगाम दीड ते तीन हजार, म्होरकी आणि फिरवायचा लांब दोर मिळून ८०० ते १,२०० आणि स्वाराचं हेल्मेट २ ते ४ हजार. बेरीज साधारण १६ ते २६ हजार. कातडी खोगीर घेतलंत तर एकट्या खोगिराचेच १५ ते ३० हजार धरा. दुकानागणिक भाव हलतात, तेव्हा हे आकडे बोलणीचा पाया म्हणून वापरा.

पण खरेदीआधी टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते अंदाजे वजन किलोत. घेर १५० आणि लांबी १३० भरलेलं तट्टू २४६ किलोंचं निघतं. स्वार आणि सामान मिळून वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त असू नये, असा घोडेवाल्यांमधला सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे या तट्टावर ४९ किलो. त्यात खोगीरच पाच-सहा किलोंचं. पुण्याहून आलेले ८० किलोंचे पाहुणे त्यावर बसवायचे की त्यांच्या पोरांनाच फेरी द्यायची, हे खोगीर घेण्याआधी ठरतं. पोरांसाठी लहान खोगीर लागतं आणि ते स्वस्तही पडतं. भीमथडी घोड्याला आता देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली आहे, तो काटक आहे, घाट चढतो, हे सगळं खरं; तरी या गणितातून त्याला सूट नाही. नुसतं ओझं लादायचं असेल तर कायदाच मर्यादा सांगतो: १९६५च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तट्टावर ७० किलो.

खोगीर पाठीला बसतं का, हे पाहण्याची युक्ती पन्नास रुपयांत होते. इलेक्ट्रिशियनकडची जाड, वाकवली तशी राहणारी वायर मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यामागे पाठीवर आडवी दाबा, अलगद उचला आणि तिचा आकार कागदी पुठ्ठ्यावर गिरवून घ्या. हाताच्या अंतराने मागे आणखी एक घ्या. भोरमध्ये घोड्याच्या सामानाची मोठी बाजारपेठ नाही. माल पुण्याहून, अकलूज-सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून किंवा थेट कानपूरहून येतो. कानपूरच्या खोगीर-सामानाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथले विक्रेते मापाचा फोटो मागवून माल देतात. खोगीर पाठीवर ठेवल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्यांमधून कण्यावर उजेड आरपार दिसला पाहिजे. तो दिसला नाही, तर जाड गाशा घालून भागवू नका.

जुनं खोगीर निम्म्या किमतीत मिळतं आणि बरेचदा नव्या हलक्या मालापेक्षा चांगलं असतं. मात्र पुढची-मागची टोकं धरून दाबून पाहा. आत करकरलं किंवा मधोमध वाकलं, तर सांगाडा मोडलेला आहे. फुकटही घेऊ नका. शिवण उसवली असेल तर चर्मकार कारागिराकडून मेणाच्या दोऱ्याने दोन-तीनशेत नीट होते. आणि विकत घ्यायच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर विक्रेत्याने ते ‘शुभ चिन्ह’ म्हणून खपवले, तरी ती जुन्या खोगिराने दाबून केलेल्या जखमांची खूण असू शकते हे लक्षात ठेवा. तसं घोडं नव्या खोगिरालाही आधी नाहीच म्हणणार.

वेल्ह्याच्या पावसात कातड्याला आठवड्यात बुरशी धरते. वर्षभर वापर नसेल आणि तेलपाणी करायला माणूस नसेल, तर सिंथेटिकच घ्या. दिसायला कमी, पण ओल्या कपड्याने पुसलं की झालं.

काटकसर तीन ठिकाणी करू नये. तंग आणि तो अडकवायचे पट्टे; ते तुटले की स्वार खाली. रिकिबी; पाहुणे चपला घालूनच येतात, पाऊल आरपार गेलं आणि घोडं उधळलं तर माणूस फरफटतो, म्हणून पुढून झाकलेल्या रिकिबी घ्या, चार-पाचशे जास्त गेले तरी. आणि लगाम. वरातीच्या घोड्यांना अजून सर्रास घालतात तो काटेरी लगाम त्याच १९६५च्या नियमांनी बंद आहे. तो मिळतो स्वस्त, पण तोंड सोललेलं घोडं पुढे कुठलाच लगाम घेत नाही.

आता ओळख करून देण्याचं काम. यात पैसे कमी लागतात, दिवस जातात, आणि लोक नेमके तेच वाचवायला बघतात. तीन आठवडे धरा. रोज १५-२० मिनिटं पुरतात. जागा सपाट, मऊ आणि कुंपणाची हवी. भात काढलेलं खाचर सोयीचं वाटतं, पण बांध आणि टोकदार धसकटं यांमुळे बुजलेलं घोडं तिथेच पाय मोडून घेतं. घराशेजारची नांगरून सपाट केलेली पट्टी बरी.

पहिले दोन-तीन दिवस खोगीर नुसतं चंदीच्या पाटीशेजारी ठेवा. हुंगू द्या. मग गोणपाट घेऊन मान, पाठ, पोट, पुठ्ठे चोळा, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून. घोड्याचे डोळे दोन बाजूंना. डावीकडून जे कळलं ते उजवीकडून पुन्हा नवं असतं. नंतर गाशा आणि त्यावर रुंद पट्टा, सैलसर. तो घेऊन घोडं चालू लागलं की पाचव्या-सहाव्या दिवशी रिकिबी काढलेलं खोगीर. ते वरून आपटू नका, अलगद ठेवा. तंग एका दमात कधीच आवळू नये: एक भोक, दहा पावलं चालवा, मग दुसरं भोक. पुष्कळ घोडी आवळताना छाती फुगवून धरतात, म्हणून चालवल्यावर पुन्हा हात घालून बघा. दोन बोटं दाटून जायला हवीत. या वेळी घोडं खुंट्याला किंवा झाडाला पक्कं बांधू नका. मागे ओढून मान दुखावून घेतं किंवा आडवं पडतं. म्होरकीचा दोर माणसाच्या हातात असावा, पण हाताला गुंडाळलेला नसावा.

मग लांब दोरावर गोल फिरवा. पाठीला कुबड काढलं, शेपूट फटकारू लागलं, कान मागे चिकटवले किंवा श्वास धरला, तर एक पायरी खाली या. मान खाली आली, ओठ चाटू लागलं की त्या दिवसाचं काम संपवा. आणखी दहा मिनिटांच्या मोहात आठवडा जातो. रिकिबी त्यानंतर, आधी पट्ट्यांत गुंतवून आणि मग लोंबत्या, बरगड्यांवर आपटण्याची सवय होईपर्यंत. माणसाचं वजन सगळ्यांत शेवटी: आधी नुसतं आडवं झुकून आणि मग बसून, हलक्या आणि जाणत्या स्वाराचं. फेरीवरून आल्यावर खोगीर काढून घामाचा ओला पट्टा बघा. त्यात मध्येच कोरडा ठिपका असेल, तर तिथे खोगीर दाबत असू शकतं.

हे स्वतःला जमणार नसेल तर घोडी शिकवणारा चाबूकस्वार बोलवा. एका खेपेचे ५०० ते १,००० आणि पेट्रोल, अशा दहा खेपा म्हणजे ५ ते १० हजार. ‘दोन दिवसांत चढवून देतो’ म्हणणाऱ्याला नको म्हणा. तो घोडं दमवून देतो. ठरवतानाच सांगा की शेवटच्या तीन खेपांना घरचाच माणूस दोर धरील.

मंडळांसाठी वेगळी सूचना. १९ फेब्रुवारीची मिरवणूक असेल तर सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेल्या घोड्याला जेमतेम दोन महिने मिळतात, त्यातला पहिला आठवडा प्रवासाच्या शिणातच जातो. सजावटीचं खोगीर भाड्याने घेत असाल तर आदल्या आठवड्यात दोन दिवस सरावाला मिळेल हे भाड्यातच ठरवा. घुंगरं आणि लोंबते गोंडे घोड्याला खोगिरापेक्षाही जास्त घाबरवतात. ती आधी हातात वाजवून दाखवा. ढोल-ताशाची गाठ त्या दिवशीच प्रथम पडणार असेल, तर स्वार न बसवता घोडं नुसतं हातात धरून चालवा.

खोगीर चढवण्याच्या आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठ आणि दात तपासून घ्या. धनुर्वाताची लस राहिली असेल तर तिथेच टोचून घ्या. घोड्याला हा रोग फार लवकर होतो आणि तंगाने सोललेली जागाही त्याला पुरते. घरी यायला फिरतं पथक लागलं तर १९६२ हा नि:शुल्क क्रमांक आहे.

पावती मात्र मागाच, आणि तीवर ‘माप न बसल्यास बदलून’ असं लिहून घ्या. विक्रेत्याने नंतर हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पुठ्ठ्यावर गिरवलेलं ते माप आणि विक्रेत्याला पाठवलेला त्याचा फोटो तोवर जपून ठेवा, तुमचा पुरावा तोच.