पेटीचा भाता, रेडिओचे बटण आणि विमानाचा दांडा



बीदर परिसरात राहणाऱ्यांना विमानाचा आवाज नवा नाही. येथील हवाई दलाच्या तळावर वैमानिकांना प्रशिक्षण दिले जाते. १९९६ साली ‘सूर्यकिरण’ हे कवायती पथक येथेच स्थापन झाले. २००८ साली ‘हॉक’ ही प्रशिक्षण विमाने हवाई दलात दाखल झाली, तीही येथेच. आवाज आला की आपल्या वर्गातील सगळ्या माना खिडकीकडे वळतात.

गेल्या वर्षी असेच झाले तेव्हा नववीतील एक विद्यार्थिनी सहज म्हणाली, “सर, आपण नुसतं वर बघायचं. चालवणारी माणसं वेगळीच असतात.” हे वाक्य आमच्या मनाला लागून राहिले. म्हणून विज्ञान मंडळात आम्ही एक काम हाती घेतले. संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठी लागणारी जॉयस्टिक स्वतः तयार करायची. बाजारात चांगली जॉयस्टिक काही हजारांना मिळते. आपली सुमारे आठशे रुपयांत झाली.

थोडा इतिहास

खेळातले विमान आणि खरे विमान यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या भजनातील पेटीला जसा भाता असतो, तसे हवेचे भाते ऑर्गनमध्येही असतात. लिंकने ते भाते एका लहानशा खोटया विमानाखाली बसवले. दांडा हलवला की भात्यांत हवा कमीजास्त होई आणि विमान जागच्या जागी कलत असे. हे १९२९ सालचे यंत्र. सुरुवातीला ते करमणुकीच्या बागांतच अधिक गेले. १९३४ साली विमानांच्या अपघातांनंतर अमेरिकेच्या लष्कराने त्यातील सहा यंत्रे घेतली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यावर असंख्य वैमानिक शिकले. खेळणे म्हणून पाहिलेली वस्तू शिक्षणाचे साधन ठरली.

साहित्य

१० किलो-ओहमचे तीन पोटेन्शिओमीटर (रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याच्या बटणामागे असतो तोच भाग), दोन दाबबटणे, आर्डुइनो प्रो मायक्रो नावाची लहान पट्टी, वायर, अर्धा इंची पीव्हीसी पाइप, लाकडी पट्ट्या, बोल्ट आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

येथे आमची चूक सांगून ठेवतो. आम्ही प्रथम आर्डुइनो उनो ही पट्टी आणली. ती संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देत नाही. प्रो मायक्रोवरील चिपमध्ये ती सोय आहे. वस्तू घेण्याआधी माहिती वाचावी, हा धडा आम्हालाही मिळाला.

कृती

लाकडाची एक मोठी चौकट करा. तिच्या आत दुसरी लहान चौकट अशी बसवा की ती डावी-उजवीकडे कलेल. एका बाजूला बोल्ट आणि दुसऱ्या बाजूला पोटेन्शिओमीटरचा दांडा, असे तिचे दोन आधार. लहान चौकटीत पाइपचा दांडा तसाच, पण पुढे-मागे हलेल असा बसवा. चारही बाजूंनी ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या की हात सोडताच दांडा मध्यावर येतो. तिसरा पोटेन्शिओमीटर डाव्या हाताला, इंजिनाची शक्ती कमीजास्त करण्यासाठी.

पोटेन्शिओमीटरला तीन पाय असतात. बाजूचे दोन पाय ५ व्होल्ट आणि ग्राउंडला जोडा. मधला पाय पट्टीवरील ए-०, ए-१, ए-२ या पिनांना. बटणे पिन व ग्राउंड यांच्यामध्ये येतात. वीज यूएसबीतून येते, ती फक्त ५ व्होल्ट. घरातील विजेच्या प्लगशी याचा काही संबंध नाही आणि तो आणूही नये. सोल्डरिंग शिक्षकांसमोरच करावे.

यामागील विज्ञान

हा दहावीतील ओहमच्या नियमाचाच धडा आहे. बटण फिरवले की रोधाचे दोन भाग पडतात आणि मधल्या पायावर ० ते ५ व्होल्टमधील काही विभवांतर मिळते. पट्टी त्याचे ० ते १०२३ अशा आकड्यात रूपांतर करते. मध्यावर सुमारे ५१२ येतात.

आता गणित पाहा. पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतो, म्हणजे एका अंशाला सुमारे ३.४ आकडे. आपला दांडा मात्र दोन्ही बाजूंना ३०-३० अंश, एकूण ६० अंशच हलतो. म्हणून आकडे ४१० ते ६१४ एवढेच बदलतात. आमच्या पहिल्या चाचणीत दांडा पूर्ण वळवूनही विमान आळसावल्यासारखे हळूहळू वळत होते, त्याचे कारण हेच. प्रोग्राममध्ये ४१० ला ० आणि ६१४ ला १०२३ माना असे सांगितले की काम होते. पण असे केल्यावर बारीक थरथरही पाचपट होते. त्यासाठी अनेक वाचनांची सरासरी घ्यावी आणि मध्याजवळचे थोडे आकडे सोडून द्यावेत.

दुसरी गंमत अशी झाली की दांडा मागे ओढला की विमान खाली जाई. खऱ्या विमानात दांडा मागे घेतला की शेपटीवरील आडवी पट्टी वर उचलली जाते, हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर जाते. आपल्याकडे उलट झाले, कारण बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या बदलल्या आणि नाक वर आले.

तिसरा दोष मात्र कुणाला सापडेना. ‘फ्लाइटगिअर’ या विनामूल्य खेळात विमान सरळ जाता जाता अचानक एका बाजूला कलंडे. तयार जॉयस्टिक विकत घेऊ या, असा विचार आमच्याही मनात आला. त्या दिवशी वर उल्लेख केलेली विद्यार्थिनी मीटर घेऊन बसली. दांडा हलवत एकेक वायर तपासता तपासता तिला मधल्या पायाचा सैल डाग सापडला. मोकळ्या पिनवर कोणताही आकडा येऊ शकतो, हे तिनेच सगळ्यांना समजावले. डाग पक्का केल्यावर विमान धावपट्टीवर उतरले. उतरताना दोनदा उसळले, ही गोष्ट वेगळी.

शेवटी एवढेच

जॉयस्टिक केल्याने कुणी वैमानिक होत नाही. त्याचा रस्ता अभ्यासाचा आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे, आणि हवाई दलाच्या शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. पालकांनीही हे लक्षात ठेवावे. मुलगी मीटर हातात घेते तेव्हा “मोडशील” म्हणण्याआधी तिला एकदा उघडून पाहू द्यावे.

आता विमानाचा आवाज आला की ती वर पाहतेच. पण परवा शेजारच्या मुलीला ती सांगत होती, “बघ, आता दांडा उजवीकडे घेतला असणार.”

सांगा पाहू

१) दांडा दोन्ही बाजूंना २०-२० अंशच हलत असेल तर किती आकडे मिळतील?
२) १० किलो-ओहमऐवजी १० ओहमचा पोटेन्शिओमीटर लावला तर ५ व्होल्टला किती वीजधारा वाहील? ते योग्य ठरेल का?

उत्तरे विज्ञान मंडळाच्या पेटीत टाकावीत.