मक्याच्या ओळी मोजणारा मुलगा

अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. 1942 साली या गावापासून सुमारे 16 किलोमीटरवरच्या एका शेतावर डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा राहायला आला. त्याला मोजण्याचे विलक्षण वेड होते. मक्याच्या ओळी तो मोजायचा, पुन्हा मोजायचा, परत पहिल्यापासून मोजायचा. मेलेले पक्षी आणि किडे गोळा करण्याचाही त्याला नाद होता. ही खोड मोडायला हवी, असे दुसऱ्या कोणाला वाटले असते. शेतकरी दांपत्याने मात्र वेगळाच विचार केला. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि सांगितले, “ओळी मोज, पण नांगरता नांगरता मोज.” मोजमापाची आवड होती, म्हणून विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते सांगायचे काम दिले. मेलेल्या किड्यांसाठी शेतात एक कोपरा नेमून दिला. तेथे डोनाल्ड प्रत्येकाच्या नावाची पाटी लिहून लावू लागला. म्हणजे लेखनही आले!

1945 च्या मे महिन्यात लिओ कॅनर हे बालमनोविकारतज्ज्ञ त्याला भेटायला शेतावर गेले. त्यांच्यासमोर डोनाल्डने सहा लांबलचक ओळी नांगरल्या आणि टोकाला घोडा व्यवस्थित वळवून दाखवला. कॅनर चकित झाले. त्या दांपत्याच्या शहाणपणाचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या लेखात केले.

स्वमग्नता म्हणजे काय?

कॅनर यांनी 1943 साली 11 मुलांचे वर्णन करणारा एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड. ज्या स्थितीला आपण आज ‘ऑटिझम’ किंवा ‘स्वमग्नता’ म्हणतो, तिची वैद्यकशास्त्राला नीट ओळख या निबंधाने झाली. स्वमग्नता हा संसर्गजन्य रोग नव्हे. मेंदूची वाढच थोड्या वेगळ्या रीतीने होते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईच्या मायेच्या अभावी मुले अशी होतात, हा एके काळचा समज साफ चुकीचा ठरला आहे.

स्वमग्न मुलाला इतरांचे हावभाव आणि सूचक बोलणे समजायला अवघड जाते. ठरलेल्या क्रमात बदल झाला की तो अस्वस्थ होतो. काहींना घंटेचा आवाज किंवा कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी गणितात वर्गाच्या पुढे असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 127 माणसांमागे एक जण स्वमग्न होता. यात लहान मुले आली तशी मोठी माणसेही आली, कारण स्वमग्न मूल मोठे होऊन स्वमग्न प्रौढ होते. म्हणूनच शाळेचा अभ्यासक्रम केवळ शाळेपुरता असून भागत नाही.

शेवटाकडून सुरुवात

आपला नेहमीचा अभ्यासक्रम पहिलीपासून दहावीकडे चढत जातो. स्वमग्न मुलांसाठी तो उलटा आखावा लागतो. हा मुलगा 25 वर्षांचा होईल तेव्हा कोठे राहील, काय काम करील, त्याला काय आवडेल, हे आधी ठरवायचे. मग त्यासाठी 18 व्या वर्षी काय यायला हवे आणि 12 व्या वर्षी काय, असे मागे मागे यायचे. अमेरिकेत लू ब्राउन या शिक्षणतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली गंभीर अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसंबंधी हाच विचार मांडला. त्याची कसोटी सोपी आहे. एखादी गोष्ट मुलाला आली नाही, तर ती त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला करावी लागेल काय? रंगीत मणी रंगाप्रमाणे वेगळे करता आले नाहीत, तर कोणाचेच अडत नाही. पण स्वतःचे जेवण वाढून घेता आले नाही, तर ते रोज दुसऱ्याने वाढावे लागते. मग वर्गाचा वेळ कशाला द्यायचा, हे उघड आहे.

एका कामाच्या अनेक पायऱ्या

‘बसने कामावर जाणे’ हे एक काम वाटते. कागदावर मांडले तर त्याच्या डझनभर पायऱ्या होतात: घड्याळ पाहून निघणे, रस्ता ओलांडणे, थांब्यावर उभे राहणे, बसवरची पाटी वाचणे, रांगेने चढणे, तिकीट घेणे, आपला थांबा ओळखणे, उतरणे. मुलगा नेमका कोणत्या पायरीवर अडतो ते पाहून तीच पायरी शिकवतात. मदत हळूहळू कमी करतात: प्रथम हात धरून, मग खुणेने, मग केवळ चित्राने, शेवटी काहीच नाही.

कधी कधी शेवटची पायरी आधी शिकवतात. डबा भरायचा असेल, तर बाकी सगळे शिक्षक करतात आणि झाकण मुलगा लावतो. काम पुरे झाल्याचे समाधान पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येते. मग शेवटून दुसरी पायरी, मग तिसरी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वर्गात शिकलेले अनेक स्वमग्न मुलांना बाहेर आपोआप वापरता येत नाही. वर्गातल्या खोट्या दुकानात खोट्या नोटा बिनचूक मोजणारा मुलगा खऱ्या वाण्यापुढे गोंधळतो. म्हणून खऱ्या दुकानात, खऱ्या पैशांनी आणि एकाहून अधिक ठिकाणी सराव द्यावा लागतो. बस आलीच नाही तर काय करायचे, हीसुद्धा शिकवण्याचीच पायरी आहे.

चार प्रश्न

एरिक शॉप्लर यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात उभारलेला ‘टीच’ हा कार्यक्रम 1972 पासून राज्यव्यापी झाला. त्यात आईवडिलांना दोषी न मानता सहशिक्षक मानले गेले. या पद्धतीत मुलाच्या समोरच्या मांडणीतून चार प्रश्नांची उत्तरे डोळ्यांना दिसली पाहिजेत: कोणते काम? किती काम? संपले हे कसे कळेल? नंतर काय? डावीकडे कामाच्या टोपल्या, उजवीकडे झालेल्या कामाची पेटी आणि भिंतीवर दिवसाच्या क्रमाची चित्रे. कानांनी ऐकलेला शब्द विरून जातो, चित्र मात्र जागेवर राहते. हीच व्यवस्था पुढे कारखान्यात, कचेरीत किंवा स्वयंपाकघरात नेता येते.

कामाइतकेच महत्त्वाचे

काम आले म्हणजे सारे आले असे नाही. दुखते कोठे ते सांगणे, गोंगाट असह्य झाल्यास थोडी विश्रांती मागणे, अनोळखी माणसाने अंगाला हात लावल्यास ‘नको’ म्हणणे, हे शब्दांनी जमत नसेल तर चित्रकार्डाने जमले पाहिजे. जो मुलगा केवळ आज्ञा पाळायला शिकतो, तो मोठेपणी कोणाचीही आज्ञा पाळतो. त्यात धोका आहे. कपडे, खाणे, फिरायला कोठे जायचे, अशा लहान निवडी त्याला लहानपणापासून करू द्याव्यात. त्याला इतरांसारखा दिसायला लावणे हा अभ्यासक्रमाचा हेतू नव्हे. त्याचे आयुष्य त्याच्या हाती यावे, हा हेतू आहे.

आपल्या देशात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश झाला. कायद्याने ठरवलेल्या प्रमाणाइतके अपंगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे तयारीला बारा वर्षे मिळतात. ती मण्यांत घालवायची की बसच्या थांब्यावर, हा प्रश्न म्हणून फार मोठा आहे.

डोनाल्डचे पुढे काय झाले?

चौथे वर्ष पुरे होण्याच्या आतच डोनाल्डला सुमारे वर्षभर घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. आईवडिलांनी त्याला परत आणले. शेतावरून आल्यावर तो शाळेत गेला, 1958 साली पदवीधर झाला आणि गावातल्याच बँकेत नोकरीला लागला. तो मोटार चालवायला आणि गोल्फ खेळायला शिकला, देशोदेशी फिरला. 2023 साली वयाच्या 89 व्या वर्षी तो वारला. त्याच्या घरची स्थिती उत्तम होती आणि बँकेशी घराचा संबंध होता, हे खरे. पण गावानेही त्याला आपला मानले होते. उलट, 1943 च्या निबंधातील जी मुले मोठ्या सरकारी संस्थांत ठेवली गेली, त्यांनी होते ते कौशल्यही गमावले, असे कॅनर यांना 1971 च्या पाहणीत आढळले. मुले तशाच प्रकारची. वाट्याला आलेले दिवस निराळे.

करून पाहा

‘एक कप चहा करणे’ या कामाच्या सर्व पायऱ्या लिहा. मग एका मित्राला नेमके तेवढेच करायला सांगा, त्याहून काहीही जास्त नाही. (मोठे माणूस जवळ असू द्या.) किती पायऱ्या तुम्ही गृहीत धरल्या होत्या, ते मोजा. त्या न सांगितलेल्या पायऱ्यांवरच आपला एखादा वर्गमित्र रोज अडत असेल.