प्रवरेची वाळू

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील गाव. जिल्हा अहिल्यानगर, पूर्वी त्याला अहमदनगर म्हणत. या गावाच्या नावातच नदी आहे. या परिसरातील उसाच्या शेतांना प्रवरेच्या कालव्यांचे पाणी मिळते. ते भंडारदऱ्याच्या धरणातून येते. हे धरण १९२६ साली पूर्ण झाले.

प्रवरा अकोले तालुक्यात, रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तिथले जंगल १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. अभयारण्य म्हणजे जिथे प्राण्यांना भय नाही असे अरण्य. तिथे शिकारीला बंदी आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. मात्र त्या जंगलात गावेही आहेत. महादेव कोळी आणि ठाकर लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना बाजूला सारून जंगल राखता येणार नाही, हे वनखात्यालाही ठाऊक आहे.

नदीच्या दुसऱ्या टोकाला, प्रवरासंगम येथे, प्रवरा गोदावरीला मिळते. पुढे जायकवाडीचा मोठा जलाशय आहे. तोही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदके आणि रोहित पक्षी उतरतात.

म्हणजे नदीच्या उगमाला रखवालदार आहे आणि शेवटालाही आहे. पण मध्ये, संगमनेर, कोल्हारपासून नेवाशापर्यंत, नदीचे पात्र कोण सांभाळतो?

पात्र ही कोणाची खाजगी जमीन नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्याप्रमाणे ते सरकारचे, म्हणजे सर्वांचे आहे. त्याची देखरेख महसूल खात्याकडे असते. (महसूल, तहसील, दफ्तर हे शब्द तुम्हाला घरचेच वाटतील.) गावचा तलाठी पंचनामा करतो आणि तहसीलदार दंड करतात. चोरून वाळू नेणाऱ्याला वाळूच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि त्याचे वाहनही जप्त होते. पण वाळूचे ट्रॅक्टर रात्री चालतात, आणि एका तलाठ्याकडे अनेकदा दोन-तीन गावे असतात.

वाळू गेली तर काय बिघडते? वाळूच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. पावसाचे पाणी त्यांत थांबते आणि सावकाश जमिनीत मुरते. त्यामुळे काठच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहते. वाळू उपसली की पात्र खोल जाते. मग आसपासच्या जमिनीतील पाणी पात्राकडे झिरपते आणि विहिरी लवकर आटतात. पात्रात खड्डे राहतात. पुराचे पाणी भरल्यावर ते दिसत नाहीत आणि पोहायला उतरलेली मुले त्यांत सापडतात.

घर बांधायला वाळू लागते, हे खरेच आहे. म्हणून वाळूउपसा सरसकट बंद नाही, त्याला परवाना लागतो. लहान क्षेत्रातील उपशालाही पर्यावरण खात्याची मंजुरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. दगड फोडून केलेली वाळूही आता बांधकामात वापरतात.

पुष्कळांना वाटते की पूर आला की नवी वाळू येईलच. पूर्वी ती येत असे. पण डोंगरातून वाहत येणारी वाळू आता धरणात अडते. भंडारदऱ्याच्या खाली निळवंडे येथेही धरण आहे. कोल्हारच्या पात्रातून एका रात्रीत नेलेली वाळू पुन्हा साठायला किती पावसाळे लागतील, याचा हिशेब कोणत्याही परवान्यावर लिहिलेला नसतो.

स्वाध्याय
१. वाळूमुळे विहिरींना पाणी कसे राहते ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. तुमच्या गावाजवळच्या नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्राविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच ओळी लिहा.