कासव, वाघ आणि गोरिला : गर्दी कमी ठेवून धंदा कसा चालतो?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण ‘मर्यादित माल, जास्त किंमत’ हा विषय घेतला. व्हिडिओत हिशोब पूर्ण मांडता आला नाही, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊनच बसा.

विषय निघाला तो आमच्या खडकीच्या रविवारच्या बॅचमधून. एका मुलाला टूरचा धंदा सुरू करायचाय. खडकी, बोपोडी, दापोडी भागातली कुटुंबं गोळा करायची आणि वीकेंडला कोकणात वेळासला कासवं बघायला न्यायची. कल्पना चांगली आहे. पण त्याचा पहिला प्रश्न होता, “मॅडम, पंचेचाळीस सीटची बस भरली तर किती सुटतील?” मी म्हटलं, आधी आपण विकतोय काय ते बघू, मग सीट मोजू.

महागड्या ‘प्राणी बघण्या’चं एक उदाहरण म्हणजे आफ्रिकेतले डोंगरी गोरिला. रवांडा सरकारनं २०१७ च्या मे महिन्यात एका माणसाच्या परमिटची किंमत ७५० डॉलरवरून थेट १५०० डॉलर केली. आणि एवढे पैसे भरून मिळतं काय? गोरिलाच्या एका कुटुंबाजवळ फक्त एक तास. एका कुटुंबाला दिवसात एकच गट, त्यात जास्तीत जास्त आठ पर्यटक. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. सर्दी-खोकला असेल तर पैसे भरलेले असूनही जवळ सोडत नाहीत, कारण माणसाचा आजार गोरिलाला लागतो आणि तो त्याच्या जिवावर बेतू शकतो.

दुकानदाराच्या डोक्यानं बघितलं तर हे उलटंच वाटतं. मागणी आहे ना, मग आठाचे ऐंशी करा! पण ऐंशी माणसं रोज गेली तर कुटुंब जंगलात आत निघून जाईल, नाहीतर आजारी पडेल. माणसांची सवय व्हायलाच एका कुटुंबाला दोन-दोन वर्षं लागतात. म्हणजे माल तयार व्हायला दोन वर्षं आणि बिघडायला एक सर्दी. म्हणून मर्यादा आधी ठरली आणि किंमत त्या मर्यादेवरून निघाली. पार्कच्या उत्पन्नाचा एक हिस्साही आजूबाजूच्या गावांना जातो. आधी ५ टक्के होता, २०१७ ला १० टक्के केला. डोंगरी गोरिलांची संख्या शेवटच्या गणनांनुसार १०६३ आहे, आणि २०१८ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं गेलं. पर्यटन हे याचं एकमेव कारण नाही. गस्त आहे, जनावरांचे डॉक्टर आहेत. पण या सगळ्याला पैसा लागतो, आणि त्यातला मोठा वाटा त्या एका तासातून येतो.

आता आपल्याकडे या. ताडोबाची सफारी बहुतेकांना माहीत असते. जिप्सीत सहा पर्यटक, सोबत गाईड आणि ड्रायव्हर, गाड्यांची संख्या ठरलेली, मंगळवारी बंद, पावसाळ्यात कोअर बंद. गाईड आजूबाजूच्या गावांतले, जिप्स्याही बऱ्याच स्थानिकांच्या. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर भागातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ज्यांची रोजीरोटी त्यावर होती त्यांचं काय झालं असेल, विचार करा. मग नवी नियमावली आली, कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला असं ठरलं आणि गेट पुन्हा उघडले.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव गेटच्या भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या जिप्स्यांमध्ये अडकले. व्हिडिओ सगळीकडे फिरला. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हर आणि गाईडवर निलंबन आणि दंडाची कारवाई झाली. त्या ड्रायव्हरना वाघिणीला त्रास द्यायचा होता असं मला वाटत नाही. गाडीत बसलेलं गिऱ्हाईक म्हणत असणार, “अजून जवळ घ्या ना, पैसे दिलेत आम्ही.” आणि ‘गिऱ्हाईक देव असतो’ हे वाक्य आपणच लोकांच्या डोक्यात भरलंय. माझ्या बॅचमध्ये मी ते शिकवत नाही. गिऱ्हाईक हे गिऱ्हाईक असतं. त्याला ‘नाही’ म्हणायची तयारी नसेल तर या धंद्यात पडू नका.

वेळासचं मॉडेल

माझं आवडतं उदाहरण मात्र वेळासचंच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं समुद्राकाठचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून इतिहासात नाव आहे. बाणकोट किल्ला जवळ, आणि वेशवी-बागमांडला फेरीबोटीनं खाडी ओलांडली की हरिहरेश्वरचा रस्ता. पुण्याहून साधारण दोनशे किलोमीटर.

इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ही-कुत्री खायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००२ मध्ये इथे कासव संरक्षणाचं काम सुरू केलं. घरटी शोधायची, अंडी काळजीपूर्वक उचलून किनाऱ्यावरच्याच कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. २००६ पासून ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. लोक यायला लागले, आणि त्यांची राहायची-जेवायची सोय गावातल्या घरांनी केली.

इथे थांबा, कारण धंद्याचा गाभा इथे आहे. कासव कुणाच्या मालकीचं नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे त्याला हात लावणंही गुन्हा. मग गाव विकतं काय? अंथरूण, अंघोळीचं गरम पाणी, आमटी-भात, पहाटेचा चहा. अंडं विकून एकदाच पैसे मिळायचे, तेही ज्यानं उकरलं त्याला. पिल्लू समुद्रात गेलं तर अख्ख्या आळीच्या चुली पेटतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. शिवाय पैसा घरात येतो, तो बाईच्या हातच्या कामातून येतो, म्हणून घरटं सांभाळायला घरातूनच राखण मिळते.

जानेवारी २०२२ मध्ये याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ‘प्रथमा’. पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग पहिलाच. गावाच्या जाहिरातीला याहून चांगला मजकूर कुठली एजन्सी देणार?

आता त्या मुलाचा हिशोब

खालचे सगळे आकडे समजण्यासाठी घेतलेत. वेळासचे खरे दर फोन करून विचारा.

समजा होमस्टेचा मुक्काम-जेवणासह दर माणशी १,००० रुपये. मोठी बस ३०,००० रुपये. दोन कोऑर्डिनेटर, मिळून ४,०००. गावातल्या संवर्धनासाठी माणशी १०० रुपये बाजूला. ४५ पाहुणे, दोन कोऑर्डिनेटर, ड्रायव्हर आणि क्लीनर अशा ४९ जणांचं राहणं ४९,०००. एकूण खर्च ८७,५००. तिकीट २,५०० ठेवलं तर जमा १,१२,५००, हातात २५,०००. (जाहिरात आणि टॅक्स यातून जातील, ते विसरू नका.)

आता लहान गाडी. भाडं १६,०००, पाहुणे १५, एक कोऑर्डिनेटर २,०००, ड्रायव्हर धरून १७ जणांचं राहणं १७,०००, संवर्धनाचे १,५००. खर्च ३६,५००. तिकीट ३,००० ठेवलं तर हातात ८,५००.

मुलगा म्हणाला, “बघा मॅडम, मोठीच बस बरी.” बरोबर आहे, भरली तर! दोन्ही गाड्या दोन-तृतीयांशच भरल्या असं धरा. मोठ्या बसमध्ये ३० पाहुणे : जमा ७५,०००, खर्च ७१,०००, हातात ४,०००. लहान गाडीत १० पाहुणे : जमा ३०,०००, खर्च ३१,०००. म्हणजे हजाराचा तोटा! ३,००० च्या तिकिटात लहान गाडीही वाचत नाही.

म्हणून तिकीट ३,८००. दहाच जण आले तरी जमा ३८,०००, हातात ७,०००. पंधरा भरले तर जमा ५७,०००, हातात २०,५००. ४५ माणसांत २५,००० आणि १५ माणसांत २०,५००. शिवाय ४५ माणसांना गावातल्या पाच-सहा घरांत वाटायचं, कुणाला गादी मऊ नाही, कुणाला चहा गार, ही डोकेदुखी वेगळी.

पण ८०० रुपये जास्त कुणी का द्यावेत? हा प्रश्न त्याला पडला आणि मला आनंद झाला. टोपली उचलली जाते तेव्हा दोरीपलीकडे उभं राहून बघायचं असतं. ४५ जण आले की मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. पंधरा असतील तर घरातल्या आजीबाईंनाही पिल्लू दिसतं. ही जागा विका. जोडीला बाणकोट किल्ला, फेरीबोट आणि आदल्या संध्याकाळी गावातल्या माहितगार माणसाशी तासभर गप्पा. त्या माणसाला मानधन द्या, ‘एक्स्पोजर’ नको.

आता सगळ्यात अवघड भाग. पिल्लं आलीच नाहीत तर? अंडी कधी फुटणार हे वाळूच्या तापमानावर असतं, तुमच्या शनिवार-रविवारवर नाही. निघायच्या आधी गावात फोन करून कुठलं घरटं जवळ आलंय ते विचारता येतं, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही. तेव्हा बुकिंगच्या मेसेजमध्येच, पैसे घ्यायच्या आधी, स्पष्ट लिहा : “कासवाची पिल्लं दिसतीलच अशी हमी नाही. न दिसल्यास पैसे परत नाहीत.” पोस्टरवर ‘१००% कासव दर्शन’ टाकलंत तर पहिल्या कोरड्या रविवारी पंधरा माणसं गाडीतच भांडतील, आणि तुम्ही दबावाखाली गावातल्या पोरांना म्हणाल, “टोपली जरा उकरून बघा ना.” गोठणगावच्या जिप्सीत आणि तुमच्यात मग फरक काय राहिला?

त्याच मेसेजमध्ये नियम टाका. फ्लॅश नाही, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात. हात लावायचा नाही. पिल्लांच्या वाटेवर पाय नाही. लहान मुलांना हे घरी सांगून आणा. एखादा म्हणेल, एवढे नियम असतील तर नको. त्याला नम्रपणे दुसऱ्या टूरचा नंबर द्या.

सीझन फेब्रुवारी-मार्च-एप्रिलचा, हाताशी फार तर आठ-दहा वीकेंड. बाकीचे नऊ महिने गाडी कुठे फिरवायची, हा पुढच्या व्हिडिओचा विषय. तोपर्यंत गृहपाठ : तुमच्या स्वतःच्या धंद्यात, मग तो केकचा असो, ब्लाऊज शिवण्याचा असो की टूरचा, दिवसाला जास्तीत जास्त किती गिऱ्हाइकं नीट सांभाळता येतील तो आकडा लिहा. त्याच्या दोन-तृतीयांशच आली तर खर्च निघेल असा दर काढा. आकडे कमेंटमध्ये टाका, रविवारी लाईव्हमध्ये एकेक तपासू. आणि हो, त्या मुलाची पहिली ट्रिप पंधरा जणांची ठरलीय. अकरा सीट गेल्यात.