आईच्या वाटेत उभा राहू नकोस

बाळा, ताईचा फोन आला. तू सोमवारी प्राणिसंग्रहालयात कीपर म्हणून रुजू होतोयस म्हणाली. ऐकून ऊर भरून आला. तेहतीस वर्षं मी याच कामावर काढली. मांसाची बादली कशी न्यायची, पिंजरा कुठून धुवायला घ्यायचा, हे तिथली जुनी माणसं तुला शिकवतीलच. मला तुझ्या कानात सांगायचंय ते पिलांबद्दल. पहिलं पिलू जन्मलं की नव्या माणसाचे हात शिवशिवतात, आणि तिथेच घात होतो.

मादी गाभण आहे असं कळलं की तारीख लिहून ठेव. वाघिणीचे शंभर ते एकशे पाच दिवस, बिबट्याच्या मादीचेही जवळपास तेवढेच. दिवस भरत आले की खोली अंधारी करायची, कोरडा पेंढा अंथरायचा, आणि तिथून पुढे तिच्याकडे एकाच माणसाने जायचं. तो माणूस तू असलास तर रोज त्याच वेळेला जा, तेच कपडे घाल, अंगाला अत्तर लावू नकोस. सरकत्या दरवाजाच्या पन्हळीत आधीच तेल सोडून ठेव. बाळंतिणीच्या कानाशी लोखंड करकरलं की ती दिवसभर स्वस्थ बसत नाही.

पिलं झाल्यावर आत डोकावायचं नाही. मग कळायचं कसं? कानांनी. भिंतीला टेकून श्वास धरून उभा राहा. दुधाला लागलेली पिलं थोडा वेळ कुरकुरतात आणि एकेक करून गप्प होतात. मग नुसता आईच्या चाटण्याचा आवाज येतो, ओली वाळू पत्र्यावर घासावी तसा खरखरीत. तो ऐकू आला की निर्धास्त मागे फिर. पण पिलं तासभर ओरडतच राहिली तर डॉक्टरांना उठव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरे बसवलेत, तेही बघत जा. मात्र कानांची सवय सोडू नकोस.

बिथरलेली मादी पिलू तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात येरझाऱ्या घालते. चाटून चाटून त्याची कातडी सोलून काढते. कधी मारूनही टाकते. अशा मादीला लोक कैदाशीण म्हणतात, आणि मला त्या शब्दाचा मनापासून राग येतो. तिला ती जागा धोक्याची वाटली. जागा राखणं आपल्याकडे होतं.

मुंबईच्या राणीच्या बागेत करिश्मा वाघिणीला 14 नोव्हेंबर 2021 ला वीरा झाली. लोकांना ती बातमी कळली 2022 च्या जानेवारीत. मधली ती शांतता मला फार मोलाची वाटते. त्याच बागेत 15 ऑगस्ट 2018 ला भारतात जन्मलेलं पहिलं पेंग्विनचं पिलू अंड्यातून बाहेर आलं होतं. वर्तमानपत्रांतून त्याचं केवढं कौतुक झालं, आणि आठवड्याभरात ते गेलं. कुणाची चूक काढायला हे सांगत नाही. पहिला आठवडा असाच असतो, कुठल्याही जिवाचा. म्हणून साहेबांनी बारशाची घाई केली तरी तू हात जोडून सांग, थोडं थांबूया.

कधी कधी मात्र आईच पिलू बाजूला सारते आणि आपल्याला हातात घ्यावंच लागतं. तेव्हाचं नीट ऐक, कारण ते मी फार महागात शिकलोय. नोकरीचं चौथं वर्ष होतं. बिबट्याच्या मादीने तिघांतलं एक पिलू दूर लोटलं होतं, जेमतेम माझ्या तळहाताएवढं. मी ते मांडीवर उताणं घेतलं, घरी तान्ह्या बाळाला घ्यावं तसं, आणि बाटली तोंडाला लावली. त्याच्या नाकपुडीतून दुधाचा एक बुडबुडा आला. मी तो रुमालाच्या टोकाने टिपला आणि पाजतच राहिलो. दूध फुप्फुसात उतरत होतं, ते मला समजलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेलं. त्याचे डोळेही उघडले नव्हते. तो बुडबुडा अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो.

म्हणून पिलू पोटावरच ठेवायचं, आईखाली पितं तसं, मान किंचित वर. नाकातून दूध आलं की तिथल्या तिथे थांबायचं. गार पडलेल्या पिलाला दूध द्यायचंच नाही. थंड पोटात ते पचत नाही. आधी ऊब दे, अंग कोमट लागू दे, मग दूध. गायीच्या दुधात त्यांना सोसत नाही एवढी साखर असते आणि स्निग्धांश कमी पडतो, हगवण लागते. मांजरवर्गासाठी तयार पावडर मिळते, तीच डॉक्टर सांगतील त्या मापाने कालवायची. पाजून झालं की कापूस कोमट पाण्यात भिजवून शेपटीखाली हलकेच फिरव. एवढी लहान पिलं स्वतःहून शी-शू करत नाहीत, आई चाटते तेव्हाच होते. आणि रोज त्याच वेळी वजन. काट्यावरचा आकडा वाढला नाही तर पिलू कितीही खेळकर दिसो, डॉक्टरांच्या कानावर घाल.

त्याचे लाड करू नकोस, हे सांगताना माझाच जीव तुटतो. पण माणसाच्या कुशीत वाढलेला बिबट्या पुढे ना माणसाचा राहतो ना बिबट्यांचा. दूध सुटलं की त्याला त्याच्या जातीची सोबत मिळवून द्यायची.

आपल्या जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी फडात बिबट्याची पिलं सापडतात. तिथे वनखातं आणि माणिकडोहचं बिबट निवारण केंद्र काय करतं ठाऊक आहे? पिलं तपासून, सापडली त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि माणसं लांब होतात. रात्री आई येते आणि एकेक उचलून नेते. आपल्या कामाचं सगळं सार मला त्या खोक्यात दिसतं.

चितळांच्या आवारातही हेच. पाडस गवतात दगडासारखं निपचित पडलेलं दिसेल, आई जवळपास नसेल. ते टाकलेलं नसतं, लपवलेलं असतं. आई पाजायला परत येते. उचलू नकोस. झाडू वळव, कावळे हाकल, आणि कुंपणाखाली कुत्रं शिरेल एवढी फट राहिलीय का ते बघ.

पिलं बाहेर दिसू लागली की गर्दी होते. काचेवर थापा, शुकशुक, वेफर्सची पाकिटं. प्राण्यांना डिवचणं किंवा खाऊ घालणं वन्यजीव कायद्याने मना आहे, पण नुसती शिट्टी फुंकून भागत नाही. जवळ जा आणि मुलांना काहीतरी बघायला दे. वानराचं काळं पिलू दाखव, म्हणावं, मोजा बरं, ते आतापर्यंत किती मावश्यांच्या कडेवर फिरलं? मी पाहिलंय, मोजायला लागलेलं मूल दगड मारत नाही.

कुलूप लावलं की ओढून बघायचं, दोन पावलं जाऊन परत यायचं आणि पुन्हा ओढायचं. आत शिरण्याआधी प्राणी मोजायचे, पिलांसकट. बाळंतिणीची खोली असेल तर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

माझी जुनी बॅटरी ताईकडे पाठवतोय. तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद चिकटवलाय, तो काढू नकोस. पांढऱ्या झोताने आई दचकते. सेल मात्र नवे घाल.