हिरड्या सुजल्या की मेडिकलची गोळी? ताई, जरा थांबा!



गटाच्या बैठकीत आपण बचत, अंतर्गत कर्ज, शेळ्या, मुलांची फी असं सगळं बोलतो. पण हिरडी दुखते, थुंकीत रक्त येतं, हे कोणी बोलत नाही. ते आपण अंगावर काढतो. फारच ठणकायला लागलं की मेडिकलमधून दोन-चार गोळ्या आणायच्या, दुखणं थांबलं की विसरून जायचं. म्हणून या महिन्याचा आरोग्याचा धडा हिरड्यांवर आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांवर घेतला आहे.

आधी माझी चूक सांगते

मी या कामाला नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. एका गावात बैठक संपली, सह्या-अंगठे झाले आणि एक काकू गाल धरून बसलेल्या दिसल्या. "तीन दिवस झाले, हिरडी फुगलीय, घास चावता येईना," म्हणाल्या. माझ्या पर्समध्ये घशाच्या दुखण्यातल्या उरलेल्या चार कॅप्सूल होत्या. मी त्या काकूंना दिल्या. वर सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ घ्या, बरं वाटेल." शिकलेल्या मुलीनं दिल्या म्हणून काकूंनी विश्वासानं घेतल्या.

त्याच रात्री काकूंच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागायला लागला. मुलानं मोटारसायकलवर घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. वेळेवर पोचल्या म्हणून वाचल्या. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी दिल्या? काकूंनी माझं नाव घेतलं नाही. "घरात पडल्या होत्या," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. त्या कॅप्सूल अमॉक्सिसिलिनच्या, म्हणजे पेनिसिलिनच्या जातीच्या होत्या. काकूंना बाळंतपणात एका इंजेक्शनानं असाच त्रास झाला होता. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. मी विचारलंच नाही.

पुढे दाताच्या डॉक्टरांनी काकूंचं तोंड तपासलं. दोन वेळा बोलावून दातांची आणि हिरड्यांच्या आतली सफाई केली. अँटिबायोटिकची एकही गोळी दिली नाही! महिनाभरात सूज गेली, रक्त थांबलं. दोन दात मात्र फार हलत होते, ते काढावे लागले. त्या वेळी डॉक्टरांकडून जे समजलं आणि नंतर मी जे वाचलं, ते आज सांगते.

हिरड्यांचा आजार होतो कसा?

दातांवर रोज एक चिकट थर बसतो. त्यात असंख्य जंतू असतात. रोज नीट घासला तर तो निघतो. नाही निघाला तर थुंकीतल्या क्षारांमुळे कडक होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. ते ब्रशनं निघत नाही.

पहिल्या पायरीला हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. दुखत नाही, म्हणून आपण लक्ष देत नाही. पण या पायरीला सफाई केली तर हिरडी पूर्ण बरी होते.

दुसऱ्या पायरीला हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात कीटण आणि जंतू साठतात. दाताला धरून ठेवणारं हाड आतल्या आत झिजतं. तोंडाला वास येतो, कधी पू येतो, दातांत फटी पडतात, दात हलायला लागतात. झिजलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं भरून येत नाही. म्हणून पहिल्या पायरीलाच जायचं.

नुसत्या गोळीनं का बरं होत नाही?

आपल्या पाण्याच्या हौदाचं बघा. आत हिरवं शेवाळ धरलं आणि नुसतं औषध टाकलं तर काय होतं? पाणी चार दिवस बरं दिसतं, पण भिंतीवरचा बुळबुळीत थर तसाच राहतो. हौद रिकामा करून घासावाच लागतो.

दातांचंही तसंच आहे. जंतू त्या चिकट थरात एकमेकांना धरून बसलेले असतात. गोळीचं औषध रक्तातून तिथवर जातं, पण थराच्या आत पुरतं शिरत नाही. वरवरचे जंतू मरतात, दुखणं कमी होतं, आपल्याला वाटतं बरं झालं. कीटण जिथल्या तिथे असतं. महिन्या-दोन महिन्यांत हिरडी पुन्हा फुगते आणि तोवर हाड आणखी झिजलेलं असतं.

म्हणून मुख्य उपचार म्हणजे सफाई. दाताचे डॉक्टर यंत्रानं आणि हत्यारानं कीटण काढतात. खिसे खोल असतील तर हिरडीखाली मुळापर्यंत साफ करतात, गरज वाटली तर जागा बधिर करून.

"साफ केलं की दात हलतात" असं बऱ्याच जणी म्हणतात. ते खरं नाही. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाच्या आधारानं दात घट्ट वाटत असतात. ते निघालं, सूज उतरली, की खरी स्थिती दिसते.

मग अँटिबायोटिक कधी देतात?

कधीच देत नाहीत असं नाही. पण ती सफाईच्या जोडीला देतात, सफाईच्या बदली नाही.

- आजार फार पुढे गेला असेल, विशेषतः कमी वयात हाड भराभर झिजत असेल, तर डॉक्टर सफाईबरोबर काही दिवसांच्या गोळ्या देऊ शकतात. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल या दोन औषधांची जोडी त्यासाठी वापरली जाते.
- हिरडीत गळू होऊन ताप आला किंवा सूज गालाकडे पसरली, तर गोळ्या लागतात. तेव्हाही आधी पू काढून द्यावा लागतो.
- कधी कधी खोल खिशातच औषधाचं जेल किंवा छोटी चकती ठेवतात. त्यामुळे औषध जागेवर राहतं आणि सगळ्या शरीरात फारसं जात नाही.

2020 साली युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही हेच सांगितलं आहे की प्रत्येक रुग्णाला सरसकट अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नयेत, ठरावीक रुग्णांसाठीच त्यांचा विचार करावा.

गोळी घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगायचंच

1. पूर्वी कुठल्या गोळीनं किंवा इंजेक्शनानं गांधी, सूज, दम असा त्रास झाला होता का?
2. दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितं का? डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधानं पोटातल्या बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. लहान मुलांनाही ते सहसा देत नाहीत.
3. साखर, बीपी, हृदय, रक्त पातळ करणारी गोळी असं काही चालू आहे का? मेट्रोनिडाझोलमुळे रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम वाढतो.
4. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू आहे का? ती डॉक्सिसायक्लिनबरोबर एकाच वेळी घेतली तर औषध अंगी लागत नाही.

घरातल्या पुरुषाला मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर दारू पूर्ण बंद, नाहीतर उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. त्या दिवसांत उन्हानं कातडी लवकर भाजते, म्हणून शेतात जाताना डोकं-हात झाकून जायचं.

डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्यायचं. मनानं बंद करायचं नाही, मनानं वाढवायचं नाही आणि उरलं म्हणून कोणाला द्यायचंही नाही. माझी चूक लक्षात ठेवा.

लाल रेघ ओळखा

गोळ्यांच्या पाकिटावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केंद्र सरकारनं 2016 मध्ये याची मोहीमही काढली होती.

एवढं कडक का? कारण अर्धवट आणि वारंवार गोळ्या घेतल्या की चिवट जंतू मागे उरतात, वाढतात आणि पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. पेनिसिलिन 1928 मध्ये शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिकाच्या भाषणात हाच धोका सांगितला होता. आज हिरडीसाठी वाया घालवलेलं औषध उद्या सुनेच्या बाळंतपणात किंवा नातवाच्या न्युमोनियात लागू पडलं नाही, तर काय करायचं?

साखर, गरोदरपण आणि मशेरी

साखरेच्या रुग्णांना हिरड्यांचा आजार जास्त होतो आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहायला अवघड जातं. हिरड्यांवर उपचार केले की साखरेलाही थोडी मदत होते.

गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं. "आता नको, बाळंतपणानंतर बघू" म्हणू नका. डॉक्टरांना सांगून सफाई करून घेता येते.

आणि मैत्रिणींनो, मशेरी! दात स्वच्छ होतात, पोट साफ होतं म्हणून आपण लावतो. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिनं हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एका दिवसात सुटणार नाही, मला माहीत आहे. 1800-112-356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर बोला.

घरी काय करायचं?

- दिवसातून दोनदा मऊ ब्रशनं, फ्लोराइड असलेल्या पेस्टनं दात घासा. रात्रीचं चुकवू नका.
- हिरडीला लागून हलक्या हातानं घासा. रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नका.
- राख, कोळसा, विटेची भुकटी नको. दात झिजतात.
- कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरली की आराम पडतो, पण तो उपचार नाही.
- क्लोरहेक्सिडिनचं चूळ भरायचं औषध डॉक्टरांनी सांगितलं तितकेच दिवस वापरा. जास्त दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

लगेच दवाखान्यात कधी?

गाल किंवा गळा सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

एरवी आशाताईंना विचारा, आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या वारी असतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. दाताची तपासणी म्हणजे पैसेवाल्यांचं काम, असं समजू नका.

पुढच्या बैठकीत हे करा

1. हा लेख एकीनं मोठ्यानं वाचावा.
2. प्रत्येकीनं सांगावं, घासताना रक्त येतं का? दात हलतो का? हो म्हणणाऱ्यांची यादी करा आणि चार-पाच जणींनी मिळून एकाच दिवशी रुग्णालयात जा. गाडीचं भाडं वाटून घेता येतं.
3. घरात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या आणि लाल रेघ शोधा.
4. कोणाला कुठल्या औषधाचा त्रास होतो ते प्रत्येकीनं कागदावर लिहून घरातल्या केसपेपरच्या पिशवीत ठेवा.

काकू आजही बैठकीला येतात. मला बघितलं की हसून म्हणतात, "काय ताई, आज पर्समध्ये काय आणलंय?" मी पर्स उघडून दाखवते. हजेरीपट, पेन आणि पाण्याची बाटली. गोळ्या नाहीत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक