बेसल सेल कार्सिनोमा : एक आजार, अनेक ऊतिरूपे

बालरोगतज्ज्ञाने त्वचेच्या कर्करोगावर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. बेसल सेल कार्सिनोमा हा बहुधा उतारवयातला, चेहऱ्यावरचा, संथ गतीचा आजार. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ मध्ये पापण्यांवरील अशा व्रणांचे वर्णन केले. तो शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. जागच्या जागी मात्र नाक, पापणी, प्रसंगी हाडही पोखरतो.

सूक्ष्मदर्शकाखाली मूळ खूण एकच : गडद केंद्रकांच्या पेशींचे पुंज, त्यांच्या कडेला कुंपणाच्या काठ्यांसारखी उभी रांग आणि भोवतालच्या ऊतीपासून विलग करणारी फट. रचना मात्र बदलते आणि उपचारही बव्हंशी तिच्यावर ठरतो. सर्वाधिक आढळणाऱ्या नॉड्युलर प्रकारात मोठे, रेखीव पुंज असतात. वरून मोत्यासारखी चकाकणारी गाठ दिसते. सुपरफिशियल प्रकारात बाह्यत्वचेला खालून कळ्या लोंबाव्यात तसे पुंज. धडावरचा हा लालसर चट्टा इसब समजून महिनोन्महिने मलमावर काढला जातो. खरी फसवणूक मॉर्फिआफॉर्म प्रकारात. दाट तंतुमय ऊतीत पेशींचे बारीक दोरे घुसलेले आणि वर केवळ जुन्या वणासारखा फिकट डाग! डोळ्यांना दिसणाऱ्या सीमेपलीकडे तो पोहोचलेला असतो; म्हणूनच कडा तपासत जाणारी मोह्स शस्त्रक्रिया येथे विशेष उपयुक्त. आपल्या सावळ्या त्वचेत पिगमेंटेड रूप बरेच दिसते आणि तीळ म्हणून दुर्लक्षिले जाते. अहवालात केवळ 'बी.सी.सी.' न लिहिता उपप्रकारही लिहावा, असा आग्रह मी पॅथॉलॉजिस्ट मित्रांकडे नेहमी धरतो.

आता माझा प्रांत. हा आजार लहान मुलात आढळला, तर आनुवंशिक कारण शोधलेच पाहिजे. गोर्लिन व गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये वर्णिलेल्या सिंड्रोममध्ये जबड्यात सिस्ट, तळहातांवर बारीक खळगे आणि काही मुलांत मेंदूतील मेड्युलोब्लास्टोमा आढळतो. अशा मुलांना रेडिओथेरपी शक्यतो टाळावी. किरण दिलेल्या जागी पुढे हेच कर्करोग डझनांनी उगवतात.

दुसरा आजार झीरोडर्मा पिगमेंटोझम. अतिनील किरणांनी डीएनएला झालेली इजा या मुलांत नीट दुरुस्त होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले. दोन वर्षांच्या आत चेहऱ्यावर ठिपके आणि उजेडात मिटणारे डोळे एवढ्यावरून शंका यावी. दोष आईवडील दोघांकडूनही यावा लागतो. आमच्या बेळगावकडे मामाच्या मुलीशी विवाह नवलाचा नाही. तेव्हा नात्यातल्या लग्नाची चौकशी संकोच न करता करावी. निदान लवकर झाले, तर पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, गॉगल आणि खिडक्यांना अतिनील किरण अडविणारी फिल्म यांनी कर्करोग पुष्कळ लांबविता येतो. उन्हापासून दूर राहणाऱ्या या मुलांना ड जीवनसत्त्व मात्र आठवणीने द्यावे लागते.